पाळीबाहेरचं पाणी

बीड, ३ मार्च १९८७

चि. बद्रीनाथ,

आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिते, मनातून तुला शिव्याच येतायत. तार केली तर ती परत आली. त्या कारखान्यावर तू न्हाईसच म्हणे. मग बंकट ट्रकवाला भेटला. त्यानं सांगितलं की तू आता सांगलीकडच्या दुसऱ्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतोस. बायको बाळंत झाली, लेक झाला, आणि सख्ख्या बहिणीनं भावाचा पत्ता ट्रकवाल्याला इचारायचा. बरंय बाबा.

तर ऐक, घाबरू नको. तुझ्या लेकाचं काल ऑपरेशन झालं. महिन्याचं झालं आणि ओकायला लागलं. सगळीच लेकरं थोडं टाकतात, पण ह्याचं तसं न्हाई. दूध पोटात गेलं की हातभर लांब उडायचं आणि लगेच पुन्हा भुकेनं रडायचं. कुणी म्हणलं नजर लागली, कुणी म्हणलं केसरच्या अंगावरचं दूध बाधतंय. तुझी बायको बिचारी पदरात तोंड घालून रडायची. मी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, खोटं कशाला बोलू. शेवटी लेकराची कातडी म्हाताऱ्यावानी सुरकुतली तवा आपल्या नानांनी त्याला धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि गेवराईहून पहिल्या एसटीनं बीडला आणलं. वाटभर मांडीवरून खाली ठेवलं न्हाई.

इथं डॉक्टर टाकळकर म्हणून हायेत, लेकरांची ऑपरेशनं करतात. त्यांनी पोट चाचपलं आणि म्हणले, जठराचं खालचं तोंड आवळलंय, दूध पुढं जायला वाटच न्हाई, कापून मोकळं करावं लागंल. सहीला बाप कुठंय म्हणले. बाप ऊस वाहतोय म्हणून सांगितलं. नानांनी सही केली. ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात.

आता त्याला डोक्याच्या शिरेतून बाटली लावलीय. एवढीशी सुई, वर पट्टी, पाहवत न्हाई. बाटलीतलं पाणी थेंब थेंब पडतं, तेही मोजून. नळीला एक चाक हाय, ते फिरवून थेंब कमी-जास्त करतात. नसीम सिस्टर घड्याळ धरून थेंब मोजते आणि चाक लावून जाते. तोंडानं अजून थेंबभर द्यायचं न्हाई. डॉक्टरांनी आमाला उभं करून सांगितलं. ऑपरेशननंतर लेकराचं अंग पाणी धरून ठेवतं, लघवीवाटं सोडत न्हाई. अशात पाणी जास्त झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. म्हणून बाटलीला कुणी हात लावायचा न्हाई. केसरनं मान डोलवली, मी डोलवली. नाना बाटलीकडंच बघत होते. डॉक्टर गेल्यावर मला म्हणतात, "छबे, एवढ्या पाण्यावर तर भेंडीचं रोप जगत न्हाई. दुष्काळ हितंबी आला का?"

मी म्हणलं, तुमी गप बसा, ही तुमची पाण्याची संस्था न्हाई.

बद्री, तू ये. मला ठाऊक हाय तू काय म्हणून गेलतास. ज्या बापाच्या हातात उपसा संस्थेच्या पाण्याची चावी हाय आणि तरी तो लेकाच्या मोसंबीला पाण्याची एक पाळी देत न्हाई, त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाई. नको ठेवू. हा दवाखाना हाय, नानांचं दार न्हाई. गोदावरीत पंपाला पाणी घावत नव्हतं तवा संस्थेच्या बैठकीत ठरलं की पाणी प्यायला आणि चाऱ्याला, बागेला थेंब न्हाई. ठरावाला तूही हात वर केलतास. मग तुझी झाडं वाळायला लागली आणि तू नानांपुढं जाऊन बसलास, आणि ते पाणी सोडायच्या व्हॉलवर बसून राहिले. तुमी दोघंबी एकाच खाणीतली माती. सुंभ जळंल पण पीळ जायचा न्हाई. मी मधी पडून लई दमले. आता लेकरू मधी हाय, आता तरी ये.

तुझी आक्का,
छबुबाई


बीड, ४ मार्च

बद्री,

कालचं पत्र पेटीत टाकून आले आणि संध्याकाळी होत्याचं न्हवतं झालं.

लेकराला झटका आला. आधी नुसतं ओठ चाळवत होतं, मला वाटलं भूक लागली. मग डोळे वर गेले, एक हात आखडला, मूठ सुटंना, आणि अंग लाकडागत झालं. पापण्या सुजल्या होत्या त्या आमाला दिसल्या न्हाईत, सिस्टरला दिसल्या. केसर ओरडलीसुदिक न्हाई. नुसती त्याची मूठ उघडायला बघत होती. नसीम सिस्टर पळत आली, डॉक्टर चपला न घालता आले.

रक्त काढून तपासलं. मीठ लई खाली गेलतं. सोडियम म्हणतात त्याला. मग डॉक्टरांनी दुसरी बाटली मागवली, जास्त मिठाची. त्यातलं थोडंसंच सुईनं हळू हळू शिरेत ढकललं, स्वतः घड्याळाकडं बघत. झटका थांबला. मी देवाचं नाव घ्यायचं इसरले होते, ते मग आठवलं.

झटका चालू होता तवा मी एक काम केलं, ते तुला सांगते, हसू नको. लेकराचं बारसं झालं न्हाई. तू येशील मग करू म्हणून राहिलं. कागदावर नुसतं 'केसरबाईचं बाळ' लिवलंय. मला वाटलं हे बिननावाचं जाईल. आत्या मी हाय, नाव ठेवायचा मान माझा. वाकले आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. कुर्र करायलाबी येळ न्हाई मिळाला. कोणतं नाव म्हणशील तर बद्रीनाथ. बापाचं नाव लेकाला ठेवत न्हाईत, मला काय ठाऊक न्हाई का. पण त्या घडीला दुसरं तोंडात आलंच न्हाई.

हे कसं झालं ते डॉक्टर सगळ्यांना इचारतायत. बाटली जेवढी उतरायला पायजे होती त्याच्यापेक्षा लई खाली उतरलेली होती म्हणे. नसीम सिस्टर म्हणते की मी चाक बराबर लावून जेवायला गेलते. डॉक्टर तिच्यावर कावले. थेंब मोजायची कामं झोपेत होत न्हाईत, असं सगळ्यांपुढं बोलले. ती पोरगी खाली मान घालून उभी होती. आपल्याला काय ठाऊक, आपण अडाणी माणसं. चाक कधी कधी आपोआपबी सुटत असंल.

नाना बाहेर लिंबाखाली बसलेत. त्यांना काही इचारू नको. म्हणजे तू हाईस कुठं इचारायला. त्यांची तब्येत बरी हाय. मी काल दुपारी कपडे धुवायला नळावर गेलते, तेवढ्यापुरतेच ते लेकरापाशी बसले होते. केसर तिथंच खाली आडवी झालती, तिचा डोळा लागलता. पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध न्हाई.

लौकर ये. काय काय सांभाळू मी एकटी.

छबुआक्का


बीड, ५ मार्च

बद्री,

कालचं पत्र अजून माझ्यापाशीच हाय. फाडणार होते. मग म्हणलं राहू दे, दोन्ही एकदमच बंकटच्या हाती देते. तुझी बहीण खोटं बोलताना कसं लिहिते तेबी बघ.

मी पाह्यलं होतं.

परवा दुपारी नळाचं पाणी लवकर गेलं म्हणून मी अर्धे कपडे तसेच पिळून आले. दारातून बघते तर नाना बाटलीपाशी उभे. थेंब पडत न्हवते, धार लागली होती. मला बघून त्यांनी चाक फिरवलं आणि म्हणले, "नीट पडंना, म्हणून बघत होतो." जसं व्हॉलवरून उठताना कुणाला म्हणतात तसंच. लेकरू शांत पडलं होतं. बाटली किती उतरली तिकडं माझं ध्यानच न्हवतं. मी कपडे वाळत घालायला गेले. चार घटकांनी त्याचे डोळे वर गेले.

तुला का सांगितलं न्हाई? कारण मला ठाऊक हाय तू काय म्हणशील. माझी बाग मारली, आता माझं लेकरूबी मारलं. म्हणशील आणि जन्मात गावचं नाव काढणार न्हाईस. मला एकच बाप हाय आणि एकच भाऊ हाय. म्हणून गप बसले. नसीमवर खापर फुटलं तरी गप बसले. लोकाची लेक, तिला घरी पाठवायचं चाललं होतं, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले. जेवण जात न्हवतं.

आज पहाटे लेकराला पुन्हा झटका आला. बारका होता, पण आला. तवा डॉक्टरांनी आमाला सगळ्यांना बोलावलं. त्यांचा आवाज चढलेला न्हवता, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणले, "हे नीट ऐका. जास्तीचं पाणी एकाच दमात गेलं असंल, तर मला मीठ लवकर वर आणता येतं. पण ऑपरेशनपासूनच हळूहळू जास्त जात असंल, तर मेंदूला त्याची सवय झालेली असते. मग मी घाईनं मीठ चढवलं तर मेंदूलाच इजा होईल, लेकरू जगलं तरी लुळं राहील. मला दोन्हीपैकी कोणतं ते ठाऊक न्हाई. सिस्टर म्हणते चाक बराबर होतं. कुणी काही बघितलं असंल तर आत्ता सांगा, मी कुणाला बोल लावणार न्हाई."

केसर माझ्याकडं बघायला लागली. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं बद्री, तुझी शप्पथ. पण मागून नाना म्हणले, "छबे, तू थांब. चाक म्या सोडलं."

टोपी काढून हातात घेतली होती. म्हणले, "लेकराच्या ओठावर पापुद्रा आलता. जीभ बाहेर काढून चाटत होतं. म्या जन्मभर पाणी सोडायचं काम केलं साहेब, तहानलेलं मला कळतं. तुमी नियमानं देताय ते दिसत होतं. पण म्हणलं एवढीशी जास्त पाळी दिली तर कुणाचं काय जातंय."

डॉक्टरांनी इचारलं, किती येळ सोडलं होतं?

"चिलीम वढून व्हईल इतका."

"त्याआधी कधी हात लावला होता? खरं सांगा."

"न्हाई. एकडावच."

डॉक्टर दोन पावलं चालले, परत आले, नसीमला म्हणले मिठाची बाटली लाव. मग तिला "सॉरी" असं म्हणले. तिनं बाटली लावली आणि घड्याळ धरून थेंब मोजत बसली. मी तिच्या पाया पडायला गेले तर म्हणते, "आक्का, हात लावू नका, मोजणं चुकंल."

केसर नानांना काही म्हणली न्हाई. सून सासऱ्याला काय म्हणणार. पण तिनं लेकराकडं आणि नानांकडं पाठ करून भिंतीला डोकं टेकलं, ते मी बघितलं आणि नानांनीबी बघितलं.

मग मी बाहेर जाऊन त्यांना लई बोलले. नको ते बोलले. म्हणलं, गावात कुणाच्या लेकराला, कुणाच्या गाईला, पोटच्या पोराच्या बागेला कधी एक थेंब पाळीबाहेर दिला न्हाई, आणि इथं कशाला हात गेला तुमचा? जिथं द्यायचं न्हवतं तिथंच कसं दिलं?

त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणले, "बद्रीच्या बागेला द्याया पायजे होतं. ते राह्यलं."

आणि रडले. आई गेली तवाबी मी ह्या माणसाला रडताना बघितलं न्हवतं, तुझी झाडं तोडून सरपण केलं तवाबी बघितलं न्हवतं. बद्री, तुला जे द्यायचं राहिलं ते त्यांनी तुझ्या लेकाला दिलं, आणि इख झालं त्याचं. माझं डोकं चालंना आता.

हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. रागावून का होईना, ये.

छबु


बीड, ९ मार्च

बद्रीनाथ,

बंकट आला. त्यानं सांगितलं की तू दोन्ही पत्रं घेतलीस, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभ्या उभ्या वाचलीस, खिशात घातलीस आणि गाडी लोड करायला गेलास. निरोप काय म्हणून त्यानं इचारलं तर म्हणलास, "काय न्हाई." मी त्याला तीनदा इचारलं, बाबा खरंच काय न्हाई म्हणला का. तो बिचारा माझी नजर चुकवत होता.

आधी लेकराचं सांगते, ते ऐकायचा तुझा हक्क हाय. मीठ जागेवर आलं. झटका पुन्हा आला न्हाई. कालपासून चमच्यानं दूध देतायत, एक चमचा, मग थांबायचं, मग दुसरा. ओकत न्हाई. आज केसरनं छातीला लावलं आणि त्यानं ओढलं. केसर हसली, मग तिला हुंदका आला तो लवकर थांबंना. पण लेकराची नजर अजून आपल्या तोंडावर ठरत न्हाई. मी चुटक्या वाजवते, ते भलतीकडंच बघतं. डॉक्टर म्हणतात एवढ्याशा लेकरात आत्ताच काही कळत न्हाई, मान धरंल, हसंल, तवा समजंल. आशा ठेवा म्हणले. आता रोज उठून त्याच्या मानेकडं बघायचं एवढंच आमच्या हातात राह्यलंय.

आता दुसरं.

डॉक्टरांपुढं कबुली दिली त्या दिवसापासून नाना पाणी पीत न्हाईत. मला आधी कळलंच न्हाई, मी आत लेकरापाशी. लिंबाखाली बसलेले असायचे, भाकरी नेऊन दिली तर "ठिव" म्हणायचे. मी ठेवून यायची. ती कुत्र्याला घालत होते म्हणे. तांब्या भरून ठेवलेला तसाच. ऊन किती तापलंय तुला माहीत हाय, बीडात झाडाची सावलीसुदिक भाजते. काल दुपारी तिथंच आडवे झाले. नसीमनं पाह्यलं, तीच माणसं घेऊन आली उचलायला. जिच्यावर आपण आळ येऊ दिला तिनं माझ्या बापाचं डोकं मांडीवर घेतलं.

डॉक्टरांनी त्यांनाबी बाटली लावली. शुद्धीवर आले आणि हातातली सुई उपसून टाकली. पुन्हा लावली, पुन्हा उपसली. चादर रक्तानं भरली. डॉक्टर म्हणले, असंच चाललं तर मूत्रपिंडं बसतील, मग माझ्याही हातात काही न्हाई. बोलू नका, रागवू नका, तोंडानं घोट घोट पाजा.

मी पाजायला गेले. तोंड मिटून घेतलं. केसर गेली, बद्री, केसर. लेकरू माझ्याकडं देऊन गेली, त्यांच्या उशाशी बसली आणि म्हणली, "मामंजी, तुमी मुद्दाम न्हाई केलं. आता लेकरू बरं हाय. घ्या घोटभर." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंड न्हाई उघडलं. डोळे भिंतीकडं. तिनं लेकरू आणून दाखवलं, तर डोळे मिटून घेतले.

मी म्हणलं, नाना, तुमी मेलात तर हे पाप तुमच्या नातवाच्या माथी, जन्मभर लोक म्हणतील ह्याच्यापायी आजा गेला. ह्या माणसाला वळवायचा एकबी उपाय मी बाकी ठेवला न्हाई. शिव्या दिल्या, पाय धरले, आईची आण घातली.

ते काही मागत न्हाईत. तुझं नाव घेत न्हाईत. मीच सांगते, त्यांनी सांगितलेलं न्हाई.

तुला राग हाय, तो खरा हाय. बाग तुझीच होती आणि लेकरूबी तुझंच हाय. माफ कर असं मी म्हणणार न्हाई, ते तुझं तू बघ. पण एक गोष्ट मला ठाऊक हाय. नाना गेले की गावाकडून कुणीतरी तुला निरोप देईल, आणि तेव्हा तू येशील. चार लोकांच्या तोंडाला भिऊन येशील, मेलेल्या बापाच्या तोंडात पाणी घालायला लेक लागतो म्हणून येशील. मिटलेल्या दातांवरून ते पाणी उशीवर ओघळंल आणि तू आपलं कर्तव्य झालं म्हणून बाजूला होशील. तसा येणार असशील तर येऊच नको. तसा आलास तर मी तुला पाणी घालू देणार न्हाई, मी घालीन. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

बंकटची गाडी आज तिकडं रिकामी जातीय, उद्या सकाळी तुझ्या कारखान्यावर असंल. मी त्याला सांगितलंय, बद्री बसल्याशिवाय परत निघू नको. तू बस. इथं ये. लेकराकडं मागून जा, आधी नानांकडं जा. भांडायचं असंल तर भांड, माझी बाग का मारली म्हणून इचार, पण इचारून झाल्यावर तांब्या उचल आणि "नाना, प्या" म्हण.

पितील का ते मला ठाऊक न्हाई. डॉक्टरांना ठाऊक न्हाई. आमी सगळ्यांनी म्हणून बघितलं, तू एकटाच राह्यलास.

छबु